आडवी टाचणी

शहराच्या टोकाला, जिथे घरं विरळ होतात आणि रस्त्याला थोडी मोकळी हवा मिळते, तिथे एक मैदान होतं. मैदानात चुन्याने भला मोठा आठचा आकडा काढलेला होता. पावसाने तो पुसला की शिपाई पुन्हा काढायचा, आणि दर वेळी त्या आठचं एक पोट दुसऱ्यापेक्षा मोठं व्हायचं. आठच्या कडेला पत्र्याचं छप्पर, छपराखाली टेबल, टेबलामागे खुर्ची, आणि खुर्चीत परीक्षक. ज्याला पक्कं लायसन हवं असेल त्याने गाडी घेऊन यावं, परीक्षकांना शेजारी बसवावं, आठवरून गाडी फिरवून दाखवावी, मग ती उलटी नेऊन दोन पिंपांच्या मधे उभी करावी, असा नियम होता. लोक त्यांना आठवाले साहेब म्हणत.

बावीस वर्षं झाली त्या खुर्चीला. पहिली तीन वर्षं साहेब खरोखर प्रत्येकाच्या शेजारी बसले. एकाने त्यांना नाल्यात नेलं. एकाने छपराचा खांब वाकवला, तो अजून तसाच वाकलेला आहे. एका शिक्षकाने ब्रेक समजून भलतंच काही दाबलं आणि साहेबांच्या डाव्या भुवईवर एक कायमची खूण ठेवून दिली. त्या खुणेवर बोट फिरवत एका दुपारी साहेबांच्या मनात एक विचार आला, आणि तो इतका सरळ, इतका निर्मळ होता की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. सरकार पगार देतं तो खुर्चीत बसण्याचा. गाडीत बसण्यात जीव जातो, त्याचं काय? जिवाची किंमत पगारात कुठे धरलेली नाही. मग ती कुणी आपण होऊन दिली, तर ती घेणं म्हणजे सरकारची चूक आपण निस्तरणं झालं.

आपण होऊन देणारे फाटकाबाहेरच बसलेले होते. म्हणजे बसलेला एकच होता, घडीचं टेबल मांडून, आणि त्याला सगळे एजंट म्हणत. त्यानेच ती पद्धत पाडली. फॉर्मला पैसे भरल्याची पावती टाचणीने जोडायची असते. टाचणी उभी असेल तर उमेदवार नुसताच आलेला आहे, साहेबांनी गाडीत बसावं. टाचणी आडवी असेल तर उमेदवार डब्यापाशी जाऊन आलेला आहे, साहेबांनी उठण्याची तसदी घेऊ नये.

डबा म्हणजे साहेबांच्या जेवणाचा डबा, चार खणांचा. बायको त्यातले तीन खण भरायची. तळचा चौथा रिकामा जायचा. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, रिकामा खण कशाला वाहता? साहेब म्हणाले, चौथा असला की झाकण घट्ट बसतं. तिने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी डबा घरी आला की ती तो मोरीत नेऊन उघडायची, आणि साहेब नेमके तेवढ्याच वेळात अंगणातल्या नळावर पाय धूत. म्हणून चौथ्या खणात काय असतं ते साहेबांनी एकोणीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. जगातले सगळे डबे सकाळी जड जातात आणि संध्याकाळी हलके होऊन परततात. साहेबांचा डबा त्याच्या उलट वागायचा, आणि घराचा वरचा मजला याच वागण्यातून उभा राहिला होता.

आपण आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, ही गोष्ट साहेब स्वतःला रोज दाढी करताना एकदा सांगत. ते खरंही होतं. शिवाय ते दयाळू होते. नापास केलं की माणसाच्या पोटावर पाय येतो, आणि तो आपला असावा हे त्यांना सोसत नसे. आणि त्यांची नजर मुरलेली होती. माणूस फाटकातून चालत आला की त्यांना कळायचं. ज्याला सरळ चालता येतं त्याला गाडीही सरळ चालवता येते, असा त्यांचा सिद्धांत होता. उभ्या टाचणीवाल्यांना मात्र ते डोळ्यांत तेल घालून तपासत. आरशात बघितलं नाही, नापास. वळताना हात दाखवला नाही, नापास. त्यामुळे कडक साहेब म्हणून त्यांचा चारचौघांत दबदबा होता, आणि तो त्यांना स्वतःलाही खरा वाटायचा.

साहेबांना एक नात होती, सहा वर्षांची. ती सकाळी डोळे उघडायची तीच प्रश्न घेऊन, म्हणून आजीने तिचं नाव चौकशी ठेवलं होतं. चौकशी आली, चौकशी जेवली, चौकशी झोपली, असं घरात चालायचं. साहेबांना ते नाव कधी आवडलं नाही, पण का आवडत नाही हे सांगायची सोय नव्हती.

इतके दिवस मुलगा तिला शाळेत सोडायचा. त्याच्या कामाची वेळ बदलली, तेव्हा सुनेने शेजारपाजारी विचारून एक व्हॅन ठरवली. पहिल्या दिवशी नात व्हॅनने जाऊन आली आणि संध्याकाळी जेवताना तिने बातमी सांगितली.

"आजोबा, आमचे व्हॅनकाका तुम्हाला ओळखतात. म्हणाले, तुझ्या आजोबांनीच मला लायसन दिलं. म्हणाले, देवमाणूस."

साहेबांचा घास तोंडापाशी थांबला.

सुनेने विचारलं, गाडी नीट चालवतात ना काका? नात म्हणाली, छान चालवतात, पण आमची गाडी मागे जात नाही, पुढेच जाते. एकाचं घर मागे राहिलं, तर आम्ही सगळ्या बाजाराला चक्कर मारून पुन्हा आलो. सगळे हसले. लहान मुलांना काहीही दिसतं. साहेबांच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही, कारण ते अजून पहिल्याच वाक्यात अडकलेले होते.

बायकोने त्यांच्या ताटाकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही. म्हणाली, "जेवा की. तुम्हीच पास केलेला माणूस म्हटल्यावर काळजी कसली?"

हे ती साधेपणाने बोलली की नाही, ते तीस वर्षांच्या संसारानंतरही साहेबांना ओळखता येत नसे.

त्या रात्री त्यांनी आपल्या सगळ्या जुन्या विचारांना एकेक करून हाक मारली. मुरलेली नजर आली, पण ती म्हणाली, मी कुठे बघत होते, तुम्ही तर वर्तमानपत्र वाचत होता. दयाळूपणा आला आणि गप्प उभा राहिला. जिवाची किंमत तर आलीच नाही. इतकी वर्षं ती साहेबांच्या जिवाची होती, आता प्रश्न दुसऱ्याच जिवाचा होता. तरी एक आशा उरली होती. त्या माणसाची टाचणी उभी असेल तर? उभी असेल तर आपण शेजारी बसलो असणार, डोळ्यांत तेल घातलं असणार, आणि पास केला म्हणजे माणूस सोन्यासारखा असणार.

दुसऱ्या दिवशी सुनेकडून व्हॅनवाल्याचं नाव घेऊन साहेब कचेरीतल्या रेकॉर्डच्या खोलीत गेले. तिथे एक बाई होत्या, दोरीला बांधलेला चष्मा लावणाऱ्या. त्यांच्या वहीत सही केल्याशिवाय त्या खोलीतून धूळसुद्धा बाहेर जात नसे. फाइल कशासाठी हवी त्याचं कारण लिहावं लागे. साहेबांनी लिहिलं, वैयक्तिक. बाई म्हणाल्या, फाइल सरकारी आहे, कारण वैयक्तिक कसं चालेल? साहेबांनी ते खोडून लिहिलं, तपासणी.

बाईंनी तारीख बघितली. "नऊ वर्षांनी?"

"काही तपासण्यांना वेळ लागतो," साहेब म्हणाले.

गठ्ठा सुटला, धूळ उडाली, फॉर्म सापडला. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. आडवी. अगदी ओळ मारल्यासारखी आडवी. साहेबांनी कागद फिरवून बघितला, उजेडाकडे धरून बघितला, पण आडवी टाचणी कुठल्याही उजेडात आडवीच राहते. खाली त्यांच्याच हस्ताक्षरात शेरा होता. सगळे शेरे सारखे दिसू नयेत म्हणून साहेब प्रत्येकाला वेगळा शेरा देत, आणि भाषेची त्यांना थोडी आवड होती. त्यांनी लिहिलं होतं, 'आठचा आकडा: उत्तम. वाहन मागे नेणे: विशेष प्रावीण्य.'

त्यांनी फाइल परत दिली. बाईंनी विचारलं, झाली तपासणी? साहेब म्हणाले, आत्ता सुरू होईल.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी व्हॅनवाल्याला मैदानात बोलावलं. तो आला चकचकीत धुतलेली व्हॅन घेऊन. चाळिशीचा, धिप्पाड, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि बोलायला लोण्यासारखा. साहेबांनी आठवण काढली यातच आपण भरून पावलो, असं तो दोनदा म्हणाला. मागच्या काचेवर मुलांनी काढलेली चित्रं चिकटवलेली होती. त्यातलं एक साहेबांनी ओळखलं. त्यात एक आजोबा होते आणि त्यांच्या हातात त्यांच्यापेक्षा मोठा डबा होता.

सरळ विचारायची साहेबांच्या जिभेला सवय नव्हती. हवापाणी झालं, मुलांचा दंगा झाला, टायरचे भाव झाले, आणि मग त्यांनी हळूच विचारलं, नऊ वर्षांपूर्वी तू कुणाच्या मार्फत आला होतास?

तो म्हणाला, कुणाच्याच नाही, एकटाच आलो होतो.

"मग तुझी टाचणी आडवी कशी?"

व्हॅनवाल्याने जरा आठवलं. म्हणाला, "साहेब, मी रांगेत उभा होतो. पुढच्या चौघांचे फॉर्म बघितले, सगळ्यांची टाचणी आडवी. माझी उभी होती. म्हटलं, हापिसाची पद्धत असेल, उगाच आपल्यामुळे साहेबांना त्रास नको. काढली आणि आडवी लावली."

"आणि डबा?"

"कुठला डबा, साहेब?"

साहेब छपराखालच्या खुर्चीत बसले. त्यांच्या कानशिलात रक्त चढलं. एकोणीस वर्षांत त्यांना कुणी असं फसवलं नव्हतं. विश्वासावर चाललेला व्यवहार होता हा, आणि या माणसाने एक पैसुद्धा न देता एका टाचणीच्या जोरावर विशेष प्रावीण्य नेलं होतं. अशा वागण्याला काय म्हणायचं? लोकांत नीतिमत्ता म्हणून काही उरलीच नाही. तक्रार करावी तर ती कुठे करावी, याचा ते खरोखर विचार करू लागले, आणि एकेक दार आठवता आठवता आपल्याच टेबलापाशी येऊन पोचले.

मग राग उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. याचा अर्थ या माणसाला आजवर कुणीच बघितलेलं नव्हतं. ना एजंटने, ना आपण.

"चल," ते म्हणाले, "गाडीत बस. मी शेजारी बसतो."

शेजारच्या जागेवर अर्धं खोडरबर आणि एक केसांची पिन पडली होती. ती खिशात टाकून साहेब बसले, पट्टा लावला आणि हात आपोआप भुवईवर गेला. व्हॅनवाल्याने आरसा बघितला, आजूबाजूला बघितलं आणि व्हॅन आठवर घातली. आणि काय चालवली त्याने. इस्त्रीवाला कॉलरवरून इस्त्री फिरवतो तशी ती व्हॅन चुन्याच्या रेघेवरून फिरली. मोठं पोट झालं, लहान पोट झालं, रेघेला धक्का नाही, पोटातलं पाणी हललं नाही. साहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे नजर चुकली नव्हती. न बघताही चुकली नव्हती. त्यांना आतून एकदम मोठं वाटलं.

"झकास," ते म्हणाले. "आता मागे घे. त्या दोन पिंपांच्या मधे लाव."

व्हॅनवाल्याने इंजिन बंद केलं.

"साहेब," तो म्हणाला, "तेवढं सोडून काहीही सांगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो गाडी शिकला मामाच्या टेंपोवर. त्या टेंपोचा मागे जायचा गिअर कधीचाच मेला होता, त्यामुळे तो टेंपो मागे जायचाच नाही, आणि जी गोष्ट टेंपो करत नाही ती भाच्याने कुठून शिकावी? नऊ वर्षं तो पुढेपुढे जगत आला होता. जिथून सरळ बाहेर निघता येईल तिथेच गाडी लावायची. गल्ली बंद असेल तर तोंडाशी थांबायचं आणि मुलांना चालत पाठवायचं. कुणाचं घर चुकलं तर बाजाराला वळसा. एक भाड्याचं घर त्याने केवळ पुढे गाडी वळत नाही म्हणून सोडलं होतं. बायकोला कारण सांगितलं, पाणी कमी येतं.

आता साहेबांना नातीचं बोलणं आठवलं. तिने सगळं सांगितलं होतं, आणि ते सगळे हसले होते.

"घे मागे," ते म्हणाले.

व्हॅनवाल्याने मान वळवली, मग दुसरीकडे वळवली, मग चाक भलत्याच बाजूला फिरवलं. व्हॅन मागे निघाली ती लाजत लाजत, आणि मग एकदम धीर आल्यासारखी. धाड् असा आवाज झाला. दोघे उतरले. डावं पिंप आडवं पडून गडगडत आठच्या मोठ्या पोटात जाऊन थांबलं होतं. साहेबांनी जाऊन ते उभं केलं. उभं केल्यावर त्यांचा हात पिंपाच्या काठावरच राहिला. त्या उंचीवर हात ठेवायची त्यांना रोजची सवय होती. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर बरोबर तेवढ्याच उंचीवर एक डोकं असायचं.

व्हॅनवाला जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, मी अडाणी माणूस. तेव्हाचं काही राहिलं असेल तर आज देतो. नऊ वर्षं थांबलात, वर चार जास्तच देतो." आणि त्याचा हात खिशात गेला.

साहेबांच्या मनात त्यांचे सगळे जुने विचार धावत आले आणि रांगेत उभे राहिले. आपण मागितलेलं नाही, तो खुशीने देतोय. गरीब आहे, घरी लेकरं असतील, पोटावर पाय नको. आणि हे तर हक्काचं राहिलेलं येणं. इतकी चांगली संधी या विचारांना आजवर मिळाली नव्हती. सगळे अगदी नटून आले होते. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पिंपाकडे बघितलं. पिंपाला डाव्या अंगाला पोचा पडला होता.

"नापास," ते म्हणाले.



व्हॅनवाल्याचा चेहरा पडला. धंदा बसेल, तो म्हणाला. साहेब म्हणाले, पंधरा दिवस बसेल, मग उठेल. तोवर तू मुलांना घेऊन एक पाऊलही जायचं नाहीस, आणि रोज सकाळी सहाला इथे यायचंस, मी शिकवीन मागे घ्यायला.

"तुम्हाला येतं, साहेब?" व्हॅनवाल्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, नुसती आशा होती.

तो प्रश्न साहेबांनी ऐकला नाही असं दाखवलं. गाडीच्या चाकाला हात लावून त्यांना अकरा वर्षं झाली होती.

घरी सून वैतागली. चांगला माणूस मिळाला होता, त्याला बाबांनी काय म्हणून घरी बसवलं? साहेब म्हणाले, पंधरा दिवस मी नेईन तिला, चालत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको डबा भरत होती. साहेब तिच्या मागे जाऊन म्हणाले, आज चौथाही खण भर.

तिचा डाव हवेत थांबला. "भूक वाढली की काय?"

"चालायचं म्हणजे भूक लागते."

एकोणीस वर्षं मोकळा राहिलेला तो खण तिने इतका दाबून भरला की झाकण खरोखर घट्ट बसलं.

साहेब नातीचं बोट धरून निघाले. आजवर ते रस्त्यावरून गेले होते ते स्कूटरवरून, स्वतःच्या विचारात. पायी जाणाऱ्याला रस्ता वेगळाच दिसतो. पहिल्याच वळणावर एक ट्रक आला, ट्रकवाल्याने साहेबांना ओळखलं आणि हात उचलून सलाम केला. नात खूश झाली. मग एक टॅक्सी. टॅक्सीवाल्याने तर दोन्ही हात जोडले. मग दुधाची गाडी, मग बस, मग सिमेंट वाहणारा, मग एक बाई, त्यांनी काच खाली करून मान वळवून नमस्कार केला आणि त्यांची गाडी तेवढा वेळ स्वतःच्या बुद्धीने चालत राहिली.

"सगळे तुम्हाला ओळखतात, आजोबा," नात म्हणाली. "मी मोजले, सहा झाले."

साहेबांच्या लक्षात आलं होतं. उभ्या टाचणीचा माणूस कधी सलाम करत नाही. तो साहेबांना बघून मान फिरवतो. सलाम करतात ते सगळे आडवे.

ते नातीला घेऊन भिंतीच्या इतके जवळून चालू लागले की त्यांच्या बाहीला चुना लागला. शाळेसमोर रस्ता ओलांडायचा होता. रस्ता मोकळा झाला, नात म्हणाली चला, साहेब म्हणाले थांब. पुन्हा मोकळा झाला, पुन्हा थांब. पलीकडून एक रिक्षावाला ओरडला, नमस्कार साहेब, आणि त्याने हात वर केला.

"हात चाकावर ठेव आधी," साहेब इतक्या मोठ्याने म्हणाले की शाळेचा रखवालदार बाहेर आला. त्यानेच शेवटी दोघांना रस्ता ओलांडून दिला.

फाटकापाशी नातीने विचारलं, "आजोबा, या सगळ्यांना मागे जाता येतं?"

"माहीत नाही, बाळ," साहेब म्हणाले. हे उत्तर त्यांनी नोकरीत कधी दिलं नव्हतं. ते द्यायला इतकं हलकं असतं याचं त्यांना नवल वाटलं.

मैदानात ते उशिरा पोचले. टेबलावर नऊ फॉर्म होते आणि नऊच्या नऊ टाचण्या आडव्या; पैसे एजंटपाशी डब्याची वाट बघत होते. पहिल्या फॉर्मचा मालक छपराच्या खांबाशी उभा होता, नवी कोरी गाडी घेऊन आलेला एक दुकानदार. साहेबांनी फॉर्मची टाचणी काढली, उभी लावली आणि ते उठले. एजंट धावत आला. तब्येत बरी आहे ना, त्याने विचारलं, आणि डोळ्यांनीच डब्याकडे खूण केली. तो डबा उघडून आला होता आणि गोंधळला होता.

"साहेब, खालच्या खणात भात आहे."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. त्या खणात काय आहे हे त्यांना आज पहिल्यांदाच माहीत होतं.

दुकानदाराच्या शेजारी बसून त्यांनी पट्टा लावला, दाराची मूठ घट्ट धरली. हे काही आपण बदललो वगैरे म्हणून नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. नात पायी शाळेत जातेय तोवरच, पंधरा दिवसांपुरतं. पुढचं पुढे बघता येईल. हा विचारही त्यांच्या बाकीच्या विचारांसारखाच सरळ आणि निर्मळ होता, आणि साहेबांनी त्यावर लगेच विश्वास ठेवला.

"आठ राहू दे," ते दुकानदाराला म्हणाले. "आधी मागे घे."

दुकानदाराने त्यांच्याकडे बघितलं, मग आरशाकडे बघितलं, आणि मग गाडीत नक्की किती गिअर असतात ते विचारलं.